हात ढिला सोड

‘‘हात ढिला सोड वं बहीण. मी काय तुन्हा हात लई पळस का?’’

असं ती म्हणाली की समोर बसलेली बाई हसायची. हसली की हात आपोआप सैल पडायचा, आणि नेमक्या त्याच वेळी बांगडी अंगठ्याच्या गड्ड्यावरून सुळकन मनगटात जायची. मग दुसरी, मग तिसरी. दोन्ही हात भरून होईपर्यंत बाईनं सासूचं, नणंदेचं, नवऱ्याच्या दारूचं, पोरीच्या न जमणाऱ्या लग्नाचं असं सगळं सांगून टाकलेलं असायचं. जाताना वरून म्हणायची, ‘‘बरं वाटनं वं माय.’’

तुम्ही कधी काचेच्या बांगड्या भरल्या असतील तर तुम्हाला ठाऊक असेल, भरणारी बाई हात कसा धरते. पाची बोटं एकत्र दाबून, गड्डा चेपून, हळूहळू. आपण जरा आखडलो की काच गेलीच. त्यामुळे तो धंदाच असा आहे की समोरच्या बाईला आधी सैल करावं लागतं. पुरुष वाचकांनी घरात विचारून घ्यावं.

हे आता मी शहाणपणानं सांगतेय. तेव्हा माझं पोट दुखायचं. पोट दुखायचं म्हणजे मी जळायचे. उगाच शब्द कशाला फिरवू? मी मानसशास्त्राची एम.ए., कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणारी, घराच्या दारावर ‘समुपदेशन, सायंकाळी पाच ते सात’ अशी पाटी लावलेली. त्या पाटीखालची घंटा वाजली की कुरियरवाला असायचा, नाहीतर शेजारीण दही मागायला. आणि बाजारपेठेत तिच्या दुकानाच्या पायरीवर बायांना टेकायला जागा नसे.

शहाद्याच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. मी म्हसावदच्या पाटलांची, ती बाजारपेठेतल्या मणियारांची. मी मानसशास्त्र घेतलं ते आवड म्हणून. तिनं घेतलं, कारण भूगोलाला सहलीला जावं लागायचं आणि घरून सोडणार नव्हते. आमच्या आबांना विषयाचं नाव सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘म्हणजे येडास्नी डॉक्टरीन का वं?’’ तिच्या अब्बांनी काहीच विचारलं नाही. पढ म्हणाले, पण इतवारी दुकानात बस.

मी सगळ्या परीक्षांत पहिली यायचे. ती माझ्या वह्या वाचून पास व्हायची, त्याही परीक्षेच्या आदल्या दिवशी आणि बांगड्यांच्या खोक्यांवर पसरून. वही परत यायची तेव्हा पानांत चमकी सांडलेली असायची. माझं नाव तिनं ‘पहिला नंबर’ ठेवलं होतं. ‘‘काय वं पहिला नंबर, आज काय शिकाडतस मास्तर?’’ असं भर आवारात ओरडायची. मला तेव्हा ते आवडायचं. पुढं त्याच नावानं मी चिडू लागले.

बी.ए. झालं आणि मग तो प्रश्न आला, जो दर जून महिन्यात पोरं मला विचारतात: मॅडम, हा विषय घेऊन पुढं करायचं काय? त्यासाठी मी फळ्यावर एक झाड काढते. खोडावर ‘मानसशास्त्राची पदवी’ लिहिते आणि एकेका फांदीवर एकेक वाट: समुपदेशक, शाळा, दवाखाना, कारखान्यातलं मनुष्यबळ खातं, सामाजिक संस्था, संशोधन, खेळाडूंचं मार्गदर्शन, जाहिरात. झाड छान येतं माझं. पोरं फोनमध्ये फोटो काढून घेतात. त्या झाडाच्या एकाच फांदीवर मी जन्मभर बसून राहिले, आणि ती मेली निम्म्या झाडावर हिंडून आली.

आधी ती सुरतेला गेली. साड्यांच्या एका कारखान्यात कामाला येणाऱ्या बायांच्या मुलाखती घ्यायची. ईदला आली तेव्हा मी विचारलं, काय विचारतेस गं मुलाखतीत?

‘‘काही नही. जेवनी का, इतलंच.’’

‘‘अगं, काही चाचणी, काही प्रश्नावली?’’

‘‘जेवनी का विचारं की काही जण्या रडतीस. जी रडस ती टिकस. नही रडस ती पहिला पगार लिसन पळस.’’

मी एम.ए.च्या पुस्तकांत मान घालून बसलेली बाई. मी तिला चाचणीची विश्वसनीयता म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, ‘‘तू जेवनी का वं?’’

मग मोबाईल कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायला लागली. लोक शिव्या घालायचे, ती ऐकायची. शिव्या संपल्या की माणूस हळूच आपल्या घरचं सांगायला लागतो, असं तिचं म्हणणं. तिथल्या साहेबाला ते पटलं नाही, कारण एकेका फोनला फार वेळ जायचा.

त्यानंतर धडगावला सरकारी दवाखान्यात समुपदेशकाची कंत्राटी जागा निघाली. अर्ज मीही केला होता, तिनंही. माझी एम.ए. झालेली, तिची नुसती बी.ए. निवड तिची झाली. का, तर मुलाखतीत त्यांनी विचारलं, पावरी बोली येते का? हिला दुकानात येणाऱ्या डोंगरातल्या बायांमुळे चार वाक्यं येत होती. मला ‘भाषा आणि विचार’ हे अख्खं प्रकरण पाठ होतं. माझं पोट पहिल्यांदा दुखलं ते तेव्हा.

रोज ती वडापच्या जीपनं घाट चढायची. दवाखान्यात तिला दार लागणारी खोली दिली होती, दारावर पाटीसुद्धा. आत कुणी येईना. दार लावून एका बाईसमोर बसायचं म्हणजे आपल्याला काहीतरी वंगाळ झालंय असं गावभर होणार, कोण जाणार? पण सकाळच्या जीपमध्ये त्याच बाया मांडीला मांडी लावून बसलेल्या असायच्या, आणि वळणावळणावर हिच्या अंगावर कलंडत सगळं सांगून मोकळ्या व्हायच्या. दवाखान्यात पोचेपर्यंत हिचं निम्मं काम उरकलेलं. कागदावर काय दाखवायचं, हा मात्र रोजचा घोळ.

कंत्राट संपलं. त्याच सुमारास अब्बांना लकव्याचा झटका आला, त्यांचा उजवा हात गेला. मणियाराचा उजवा हात गेला म्हणजे दुकान गेलं. भाऊ नव्हता. ती येऊन गल्ल्यावर बसली.

मला त्या दिवशी काय वाटलं सांगू? हुश्श वाटलं. वाईटही वाटलं, नाही असं नाही, पण आधी हुश्श. शेवटी बांगड्याच ना, असं मी मनात म्हटलं. तोवर मला कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागली होती, लग्न झालं होतं, लेक झाली होती. पहिला नंबर तो पहिला नंबरच.

पण मेलीचं दुकान असं चाललं की बघत राहावं! म्हसावदपासून अक्कलकुव्यापर्यंतच्या बाया तिच्याकडे बांगड्या भरायला यायला लागल्या. बांगड्या काय, गावोगावी मिळतात. येत होत्या त्या बोलायला. येताना हातात चांगल्या दोन डझन असायच्या, तरी म्हणायच्या, ‘‘आज्हून दोन चढाव ना वं.’’

मी तिच्याकडे एकदाही बांगड्या भरल्या नाहीत. त्याला कारण होतं. आपल्याकडे रीत आहे, बांगड्या भरून झाल्या की भरणाऱ्याला नमस्कार करायचा. मग तो कासार असो की मणियार, वयानं लहान असो की मोठा. पाटलाची सूनसुद्धा पदर सावरून हात जोडते. आता मी हिला हात जोडू? जिला माझ्या वह्या लागायच्या तिला? मी आपली नंदुरबारला जाऊन धातूच्या बांगड्या आणायचे आणि घरी स्वतःच चढवायचे. त्यांना नमस्कार लागत नाही.

एकदा मी तिच्या दुकानावरून मुद्दाम सावकाश चालले होते. मुद्दामच, नाहीतर किराण्याचं दुकान दुसऱ्या बाजूला आहे. पायरीवर एक तरुण विधवा बसलेली. जाऊ आली होती बांगड्या भरायला, ही नुसती सोबत म्हणून, हात पदराखाली. जावेचं झालं. तशी आमची ही बाई म्हणाली, ‘‘तुन्हा हात दे.’’ ती म्हणाली, ‘‘माले नही चालत.’’ ‘‘माले माहीत शे. हात त दे.’’ तिनं तो हात घेतला, बोटं एकत्र केली, गड्डा चेपला, जणू बांगडी भरतेय असा. बांगडी नव्हतीच. तसाच धरून बसली. ती पोरगी रस्त्याकडे पाठ करून इतकी रडली की जावेनं तिच्या पुढ्यात पदर धरला.

मी तिथं विजेच्या खांबाआड उभी होते. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आणि त्याच पाण्यातून मला असं वाटलं, हे मला का नाही सुचलं? मला का नाही कुणी असा हात देत?

पुढच्या जूनमध्ये मी वर्गात झाड काढलं आणि म्हटलं, ‘‘मुलांनो, नियोजन नसेल तर काय होतं बघा. माझ्याच वर्गातली एक मुलगी पदवी घेऊन आज बांगड्या विकते.’’ वर्ग एकदम गप्प झाला. मला वाटलं, परिणाम झाला. तास संपल्यावर मागच्या बाकावरच्या मुली माझ्याभोवती गोळा झाल्या. ‘‘मॅडम, त्या मावशींनी हाच विषय घेतला होता? मग आम्ही पण हाच घेतो.’’ त्या वर्षी माझ्या विषयाला कधी नव्हे एवढी गर्दी झाली. मुख्याध्यापकांनी माझं अभिनंदन केलं, आणि ते मी स्वीकारलं.

त्यातच तिनं बाहेरून एम.ए.चा अर्ज भरला. परीक्षा आमच्याच इमारतीत, आणि पर्यवेक्षक कोण तर मी. ती दाराजवळच्या बाकावर. ‘‘मॅडम, पुरवणी.’’ मी दिली. थोड्या वेळानं पुन्हा, ‘‘मॅडम, पुरवणी.’’ मॅडम म्हणतानाही डोळे हसत होते मेलीचे. त्या दिवशी सबंध वर्गाला लागल्या नसतील तेवढ्या पुरवण्या मी तिला एकटीला नेऊन दिल्या. निकाल लागला, तिला पहिला वर्ग. मला एम.ए.ला तो थोडक्यात हुकला होता. असो.

हे सगळं मी पचवलं असतं. पण मग तेजू तिच्याकडे जायला लागली.

तेजू माझी एकुलती एक लेक. बारावीनंतर मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत पडली, पुन्हा बसली, पुन्हा पडली. दुसऱ्या निकालानंतर तिनं बोलणंच टाकलं. खोलीचं दार लोटून भिंतीकडे तोंड करून पडायची. ताट नेलं तर तसंच परत. पेपरात काय काय वाचतो आपण, तेच डोळ्यांपुढं यायचं. मी तिच्या खोलीची आतली कडी स्क्रू काढून घेतली, एवढी घाबरले होते.

आणि मी कोण? मानसशास्त्राची शिक्षिका! जे जे शिकवत आले ते ते केलं. तिच्याशेजारी बसून शांत आवाजात विचारलं, ‘‘तेजू, तुला आत्ता नेमकं कसं वाटतंय?’’

‘‘आई, तू वर्गात नाहीयेस,’’ एवढंच म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते असं. माझे यजमान शेतकरी माणूस, ते म्हणाले, ‘‘बोलेल तेव्हा बोलेल, तू तिला खोदू नको.’’ मी त्यांच्यावरच खेकसले.

मग एक दिवस ती आपण होऊन बाहेर पडली आणि दिवेलागणीला परत आली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, ‘‘भाजी काय आहे?’’ इतक्या दिवसांत पहिला शब्द! माझ्या हातातून झारा पडला. वांग्याचं भरीत आहे, वाढू का, असं म्हणत मी वळले आणि तिचे हात दिसले. मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या. जी पोरगी सणालासुद्धा बांगडी घालत नव्हती, तिच्या!

तळपायाची आग मस्तकात गेली. भरीत वाढलं, पण कसं वाढलं ते माझं मला ठाऊक.

त्यानंतर आठवडी बाजाराच्या दिवशी लाल. मग जांभळ्या. तेजू दोन घास जास्त खायला लागली, अंघोळीला गुणगुणायला लागली, आणि मी तिच्या मनगटावर डोळा ठेवून बसायला लागले. नवा रंग दिसला की कळायचं, आज तिकडे जाऊन आली. पोरगी सावरतेय म्हणून देवापुढं साखर ठेवायची, आणि ठेवताना मनात म्हणायचं, पण तिच्याच हातून का रे बाबा?

शेवटी मला राहवेना. भर दुपारी दुकानावर गेले.

‘‘ये वं पहिला नंबर! आज कशी रस्ता चुकनी?’’

‘‘तेजू येते ना तुझ्याकडे? कशाला येते?’’

‘‘बांगड्या भराले.’’

‘‘बोलते काय ती?’’

स्टूल पुढं ओढलं आणि त्यावर फडकं मारलं. मी का बसले कोण जाणे, पण बसले. तिनं माझा डावा हात घेतला, धातूच्या बांगड्या उतरवल्या आणि एकदाच गड्डा दाबून बघितला. ‘‘अडीच,’’ स्वतःशी म्हणाली आणि हिरव्या बांगड्यांचा जुडगा काढला, सोनेरी ठिपक्यांचा. तेजूच्या होत्या तसलाच.

‘‘मी तिची आई आहे,’’ मी म्हटलं. ‘‘मला कळायला नको?’’

‘‘माय शे म्हणीसनच नही सांगस. तू वर्गमां काय शिकाडस? गुपित ठेवानं का फोडानं?’’

ते मीच शिकवते. परीक्षेत हमखास प्रश्न असतो त्यावर. मी कसंबसं विचारलं, ‘‘एवढंच सांग. तिच्या मनात स्वतःच्या जिवाचं काही...’’

तिनं हात थांबवले. माझ्याकडे सरळ पाहिलं. ‘‘नही. तसं काही ऱ्हातं ना, तर मी तवाच पळत तुन्हा घर उनी ऱ्हाती. समजनी का? आते हात ढिला सोड.’’

आणि हात सुटला की हो माझा! इतक्या दिवसांचा ताण सगळा त्या हातातून गेला असावा. डाव्या हातात बांगड्या अशा चढल्या की कळल्यासुद्धा नाहीत. तेव्हा तिथंच मी तिला नमस्कार केला असता, शपथ. तिनं उजवा हात घेतला.

तेवढ्यात पायरीवरची एक म्हातारी मला म्हणाली, ‘‘तुन्ही पोर शे का ती? माय वं, कितली गोड बोलस! बठ्ठं मावशीले सांगस. पोटनी पोर बी इतलं बोलस नही.’’

माझी मूठच आवळली गेली. काडकन बांगडी फुटली आणि बोटाच्या पेरावर रक्ताचा थेंब आला.

‘‘वाढनी,’’ ती म्हणाली. बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं. ‘‘ऱ्हावू दे, दुसरी लेस. हात...’’

‘‘नको मला तुझी दुसरी!’’ मी उठले. माझ्या धातूच्या बांगड्या उचलल्या आणि चालू लागले.

‘‘अवं पहिला नंबर! एक हात उघडा लई जाऊ नही! दुसरा हात त भरू दे!’’ सगळा बाजार वळून बघत होता. नमस्कार राहिला तो राहिलाच.

घरी येऊन साबण लावला, तेल लावलं, त्या बांगड्या काही निघेनात. एवढ्या मापात बसवलेल्या. फोडायला मन होईना. तर डाव्या हातात काचेचा हिरवा चुडा आणि उजवा हात बोडका, अशी मी रात्री ताटं वाढायला उभी.

तेजूनं आधी माझा एक हात पाहिला, मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

‘‘आई, हे काय गं? एकाच हातात?’’

‘‘असू दे,’’ मी म्हटलं.

‘‘भांडून आलीस ना? अर्ध्यातून उठलीस ना?’’ आणि ती हसायला लागली. अशी हसली की ताटावरून उठून भिंतीला टेकली. तिचे बाबाही हसायला लागले. मग मलाही हसू आलं, काय करू! किती महिन्यांनी माझी पोर माझ्यासमोर हसत होती, आणि माझ्यावर हसत होती.

हसणं ओसरल्यावर तिनं सांगितलं, ‘‘आई, मला मेडिकल नाही करायचं. पुन्हा बसायचं नाही मला. मला मानसशास्त्र घ्यायचंय.’’

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. माझा विषय! मी म्हटलं, ‘‘अगं, मग आधी का नाही बोललीस? मी तुला सगळ्या वाटा...’’

‘‘मावशीसारखं करायचंय मला.’’

चढलेलं मांस तिथंच उतरलं. घरात एम.ए. होऊन बसलेली आई, तिनं फळ्यावर अख्खं झाड काढावं, आणि लेकीनं बोट दाखवावं ते बांगड्यांच्या दुकानाकडे! ‘‘माझ्यासारखं नाही का?’’ असं मी विचारलं, लाज सोडून विचारलं.

‘‘तू शिकवतेस ना आई. मला शिकवायचं नाहीये.’’ मग माझा उतरलेला चेहरा बघून म्हणाली, ‘‘पण अभ्यासाला तुझ्याच वह्या लागतील मला.’’

वह्या! पुन्हा वह्याच.

कॉलेजात त्या एका हातावरून महिनाभर चर्चा चालली. मॅडम, ही नवी फॅशन का? मी हो म्हणायचे. दुकानावर जाऊन दुसरा हात भरून घ्यायचा, तिथंच दोन शब्द बोलायचे आणि राहिलेला नमस्कारही उरकून टाकायचा, असं मी रोज ठरवत होते. पण आज पेपर तपासायचेत, उद्या पाहुणे आहेत. आतून पाय निघत नव्हता, हे खरं.

इतके दिवस मी त्या रस्त्यालाही फिरकले नव्हते; शेवटी दोन महिन्यांनी गेले तेव्हा शटर खाली होतं. शेजारच्या टेलरनं सांगितलं, अब्बा गेले, चाळिसावा झाला आणि ती सुरतेला गेली. तिथं मोठ्या दवाखान्यात तिला बोलावून घेतलंय, कॅन्सरच्या पेशंटच्या घरच्यांशी बोलायला. घरी येऊन तेजूला विचारलं तर ती म्हणाली, ‘‘हो, मला माहीत होतं. तुला नाही सांगितलं मावशीनं?’’

नाही सांगितलं. मला कशाला सांगेल? पण मला भांडायला तरी ती हवी होती. काही दिवसांनी त्या शटरवर मोबाईल कव्हरचा फलक लागला. बाया अजूनही सवयीनं येतात, पायरीपाशी थबकतात आणि पुढं जातात. आतला मुलगा त्यांना विचारतो, ‘‘कोणता फोन शे मावशी?’’

त्या जूनमध्ये तेजूनं पदवीला प्रवेश घेतला. कुठं घेतला असेल? सुरतेला. नंदुरबारहून गाडी आहे, सोयीचं आहे, असं बाप-लेक म्हणाले. मी गाडीत बसवून दिलं आणि माझ्या साऱ्या वह्या तिच्या बॅगेत भरून दिल्या. अजून त्यातल्या काही पानांत चमकी आहे.

माझ्या डाव्या हातातल्या बांगड्या एकेक करून वाढल्या. एक धुण्याच्या दगडावर, एक फळा पुसताना, एक बसच्या दांडीला. दिवाळीपर्यंत एकच उरली. ती मी जपत होते. का ते विचारू नका.

दिवाळीला तेजू आली. मी रोज फोन केला तरी ‘जेवले, ठीक आहे’ यापलीकडे न जाणारी पोरगी आता बोलत होती ते सगळं मावशीचं: रविवारी मावशीकडे बिर्याणी, मावशीनं दवाखान्यात नेलं, मावशी म्हणते. मी चकली पाडत ऐकत होते. चकल्या तुटत होत्या.

‘‘आणि हे तुझ्यासाठी,’’ म्हणून तिनं गुजराती पेपरात गुंडाळलेला पुडका काढला. आत हिरव्या बांगड्या होत्या, सोनेरी ठिपक्यांच्या. अडीच मापाच्या. आणि एकाच हातापुरत्या.

‘‘मावशी म्हणाली, ‘तुन्ही मायना एक हात मन्हाकडे बाकी शे.’ ’’

तेजूनं मला ओट्यावर बसवलं, माझा उजवा हात पिठातून काढून पुसला आणि आपल्या हातात घेतला. पाची बोटं एकत्र केली, गड्डा चेपला. थेट तशीच धरली मेलीनं.

‘‘आई, हात ढिला सोड.’’

‘‘सोडलाय की.’’

‘‘नाही सोडलास.’’

पहिली बांगडी गड्ड्यापाशी अडली होती. तिनं ओढली नाही, नुसता हात धरून बसून राहिली. मग माझ्याच तोंडून बाहेर आलं, ‘‘तेजू, तू तिच्याशी बोलायचीस ना, तेव्हा मला फार लागायचं गं. अजून लागतं.’’

‘‘माहीत आहे,’’ ती म्हणाली. बांगडी सुळकन आत गेली. मग दुसरी, मग तिसरी. मी बोलत होते, काय काय बोलले, आता आठवतही नाही. भरून झाल्या तेव्हा कढईतलं तेल धुरायला लागलं होतं.

मी पदर सावरला आणि हात जोडले.

‘‘अगं, मला काय करतेस?’’ तेजू हसली. ‘‘मावशीला केलास ना?’’

‘‘तुलाच केला,’’ मी म्हटलं.

ती मानसशास्त्राची विद्यार्थिनी. तिनं विश्वास ठेवला नाही.